शिम्लिंगेला कोण उतरणार?

स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेची स्टेशनं किती, असं कुणालाही विचारा, शंभर हा आकडा मिळतो. पहिली गाडी १९५० साली धावली आणि शंभरावं स्टेशन, स्कार्पनेक, १९९४ साली उघडलं. आकडा असा गोल झाला की माणसांना बरं वाटतं, नोकरशाहीला तर फारच. पण निळ्या मार्गावरून, अकरा नंबरच्या गाडीने, शहरातून अकालाच्या दिशेने निघालात तर हालोनबेर्येन गेल्यावर आणि शिस्ता यायच्या आत खिडकीबाहेर करड्या काँक्रीटचा एक सांगाडा सरकून जातो. अंगावर गिलावा नाही, रंग नाही, नावाची पाटी नाही. पापणी लवली तर चुकतो. तेच शिम्लिंगे. मार्गाचा हा भाग १९७७ साली सुरू झाला तेव्हापासून ते तिथे उभं आहे. म्हणजे स्कार्पनेकच्या कितीतरी आधीपासून रांगेत. पण शंभराव्याचा मान मागाहून आलेल्याला मिळाला आणि हे आपलं रांगेतच राहिलं. तिथे आजवर एकही गाडी प्रवाशांसाठी थांबलेली नाही.

कारण विचारलं तर ते अगदी रुक्ष निघतं, आणि म्हणूनच मला आवडतं. इथे सरकारी कचेऱ्या येणार होत्या. कचेऱ्या आल्या की कारकून येणार, कारकून आले की त्यांना सकाळी उतरायला फलाट लागणार, म्हणून फलाट आधी बांधायला घेतला. आणि मग सरकारनेच ठरवलं की कचेऱ्या राजधानीत गर्दी करून नकोत, त्या देशातल्या इतर गावांना वाटून द्याव्यात. साहेब गेले, फायली गेल्या, फलाट मात्र हलवता येईना. आजूबाजूला इगेलबेकन नावाच्या ओढ्याचं रान आहे, ते आता राखीव आहे. म्हणजे ज्या ठिकाणी सकाळी आठला हजारो माणसं छत्र्या झटकत चढउतार करणार होती, तिथे ओढ्यातले छोटे मासे आपापल्या वेळेने कामावर जातात. त्यांना अर्थातच गाडी लागत नाही.

या मार्गाचा बाकीचा थाट बघितला म्हणजे शिम्लिंगेची कीव अधिकच येते. स्टॉकहोमखालचा खडक फोडून ही स्टेशनं काढली आणि खडक गुळगुळीत करत बसण्यापेक्षा त्याच्या उंचवट्यांवरच काँक्रीटचा पातळ थर फवारला; त्यामुळे ती स्टेशनं कमी आणि गुहा जास्त दिसतात. मग त्या गुहा चित्रकारांच्या हवाली केल्या. मध्यवर्ती स्टेशनाच्या निळ्या मार्गावरच्या छताला पेर ऊलोफ उल्तवेद्त याने निळ्या वेली दिल्या, आणि एका भागात वेलींऐवजी माणसांच्या आकृत्या: ज्या वेल्डरांनी, सुतारांनी, गवंड्यांनी ही गुहा खणली त्यांच्याच. स्वतःच्या पाठीवर बांधलेल्या घरात मजुराला क्वचितच जागा मिळते, इथे त्याला छत मिळालं. सोल्ना सेंत्रुमला आकाश लालभडक आहे आणि खाली हिरव्या सूचिपर्णी झाडांचं रान लांबच लांब पसरलेलं. पहिल्यांदा सरकत्या जिन्यावरून त्यात उतरताना वाटतं की आपण संध्याकाळीच रानात शिरलो, आता कुणीतरी घरी हाक मारेल. नेकरूसेनच्या छतावर कमळाची पानं तरंगतात, म्हणजे तिथे प्रवासी तळाशी. आणि कुंग्सत्रेगोर्डेनला तर जळून गेलेल्या एका जुन्या महालाच्या मूर्तींच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत, भिंतींतून पाणी झिरपतं, त्यावर शेवाळ धरतं, आणि तिथे कोळ्याची एक इवलीशी जात सापडली, जिच्यामुळे जीवशास्त्राचे लोकही या स्टेशनाला आदराने वागवतात. कोळ्यालाही स्टेशन मिळालं! शिम्लिंगेला मात्र कुणी रंगाचं एक बोटही लावलं नाही.

रंग नाही म्हटल्यावर गोष्ट आली. मोकळ्या भिंतीला माणसं गोष्टच चिकटवतात. स्टॉकहोमकर म्हणतात, शिम्लिंगेला फक्त मेलेली माणसं उतरतात. आणि त्यांना तिथवर सोडणारी गाडीही ठरलेली आहे: चंदेरी बाण, सिल्व्हरपीलेन. ती मध्यरात्री न थांबता झपकन निघून जाते. कधी थांबलीच आणि कुणी चढलंच, तर तो माणूस पुन्हा दिसत नाही, किंवा दिसतो तो कित्येक वर्षांनी, भलत्याच कपड्यांत. यातली गंमत अशी की ती गाडी खरोखर होती. १९६०च्या दशकात प्रयोग म्हणून अॅल्युमिनियमच्या काही डब्यांची एक गाडी बनवली आणि ती न रंगवताच ठेवली. तेव्हा बाकी सगळ्या गाड्या हिरव्या. ही पांढुरकी, आणि बहुतेक वेळ राखीव म्हणून बाजूला उभी. क्वचित, दुसरी नसली की निघायची. १९९६ साली तिला निवृत्त केलं. म्हणजे पाहा, भूतसुद्धा इथे बदली कामगार म्हणून यायचं. आपल्याकडचा मुंजा पिंपळावर मनाला येईल तेव्हा बसतो. स्वीडिश भुताला देखभालीच्या वेळापत्रकात बसावं लागतं.

माझी भाची शिस्ताला राहते. तिथे टेलिफोन आणि संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत, त्यामुळे सकाळच्या फलाटावर मराठी कानावर पडलं तरी कुणी चमकत नाही. मी तिच्याकडे असताना अकरा नंबरने फार भटकलो, आणि एक गोष्ट सारखी टोचत राहिली: या गाडीत कुणी कुणाला काही विचारत नाही. ठाण्याच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला हे जड जातं. आमची आई दादरला उतरायचं असलं तर कुर्ल्यापासून तयारीला लागायची. पदर खोचायचा, पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळायचे, आणि पुढच्या बाईच्या खांद्याला बोट लावून विचारायचं, "उतरणार का हो?" उत्तर नाही आलं तर जागा बदलून घ्यायची. दोन स्टेशनं हा क्रम चालायचा, आणि प्रत्यक्ष दादर आलं की गर्दीच तिला अलगद बाहेर ठेवायची, ती म्हणायची, "बघ, वेळेवर उतरले." उतरणं हे तिच्या लेखी एक कर्तृत्व होतं. आता ती नाही. तिला शिम्लिंगे दाखवलं असतं तर गाडी तिथे थांबत नाही ही गोष्ट तिला मुळीच पटली नसती. एवढा फलाट बांधला आणि थांबत नाही म्हणजे काय? मोटरमनला सांगायला हवं कुणीतरी.

भाचीचा मुलगा पहिलीत आहे. त्याला ही मेलेल्यांची गोष्ट शाळेतच कळली होती, आणि त्याचं तिच्याशी अगदी व्यावहारिक नातं होतं. हालोनबेर्येन सुटलं की तो काचेला नाक लावून बसायचा आणि सांगाडा आला की घोषणा करणाऱ्या बाईंच्या सुरात, आवाज न चढवता, म्हणायचा, "शिम्लिंगे." कारण बाई ते नाव कधी घेत नाहीत, आणि ते त्याला बरोबर वाटत नव्हतं.

एकदा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, ठाण्याची पणजी पण इथेच उतरते का?"

त्याची आई मोबाइलमध्ये बघत होती. तिने मान वर केली, पण बोलली नाही. हे माझ्यावर सोपवलं होतं.

"उतरत असेल," मी म्हटलं. "हालोनबेर्येनच्या आधीपासून दारात उभी राहत असेल."

"पण गाडी तर थांबत नाही."

"तिच्यापुढे थांबत असेल."

हे त्याने मान्य केलं. पण लगेच कपाळाला आठी पडली. "तिच्याकडे कार्ड नसेल तर?"

"अरे, बाहेर पडताना कार्ड नाही लागत," त्याची आई म्हणाली, आणि ते खरंच आहे. स्टॉकहोममध्ये कार्ड दाखवायचं ते आत जाताना. "फक्त चढताना लागतं."

त्याने थोडा वेळ विचार केला. शिस्ता आलं, माणसं एकमेकांना न विचारता उठली आणि एकमेकांना धक्का न लावता उतरू लागली. फलाटावर पाय ठेवता ठेवता त्याने माझा हात ओढला.

"मग ती चढली कुठे?"

"ठाण्याला," मी म्हणालो. "तिचा पास होता."