एक किलोमीटरचं दातृत्व

बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन कधी सडतं, कापूस कधी बोंडअळी खाते. इंग्रजी शाळांचं पीक मात्र दरसाल सोळा आणे. पिकांचं भाकीत करणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीत त्यांच्या नावाचा दाणा मांडायचीही गरज नाही. खोक्यासारखी इमारत डोंगराच्या कडेला, पाटी 'इंटरनॅशनल'.

अशाच एका शाळेच्या अध्यक्षसाहेबांना समाजाचं ऋण फेडायची हुक्की आली. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला जुनी बाकं भेट दिली. प्रत्येक बाकाचा एक पाय आखूड, पण मागे लावलेला फ्लेक्स चांगला रुंद होता. ढोल-लेझीम झालं, दोन भाषणं झाली, फोटो झाले. मुलं तेवढा वेळ उन्हात उभी होती. बाकांवर बसायला मान्यवर होते ना! त्याच जिल्ह्यात शेगावच्या मंदिरात सेवेकरी सेवेचा नंबर लागायची वाट बघतात आणि फोटो न काढता घरी जातात. पण त्यांना व्यवस्थापन कोटा नसतो.

आता खरं देणं कायद्यातच आहे. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी राखल्या, आठवीपर्यंत मोफत. शुल्क सरकार भरतं, म्हणजे भरायचं असतं. महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरलेत. सरकारही उधारीत इतकं पक्कं की किराणा दुकानदारानं वही फाडून टाकावी. पैसे थकतात, ही संस्थाचालकांची ओरड खरी आहे. तेवढ्या एका ओरडीत ते बाकी सगळं झाकून घेतात, हाही हिशेब पक्का.

9 फेब्रुवारी 2024ला सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर या जागांतून सूट. आमच्याकडे गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा. अध्यक्षसाहेबांनी त्या दिवशी तिचं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून कौतुक केलं. "काय दर्जेदार शाळा आहे हो!" स्वतःची नात मात्र आपल्याच शाळेत. पटसंख्या घटल्यानं ती शाळा बंद पडते की काय, याचीही त्यांना एकाएकी काळजी वाटू लागली. शाळा गेली तर सूटही जाणार.

19 जुलै 2024ला मुंबई उच्च न्यायालयानं ही दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. या जागांच्या सोडतीचा निरोप एका सालदाराच्या मोबाइलवर आला. तो मुलाला घेऊन शाळेत गेला.

"मॅडम, पोऱ्याचा नंबर लागला. आता पैसे त नाही लागत नं?"

"फी? एक रुपया नाही. फक्त ॲक्टिव्हिटी, गॅदरिंग, बूट दोन जोड, पुस्तकं आमच्याच काउंटरवरून, आणि बस."

"मंग फुकट काय हाय?"

"शिक्षण."

सालदारानं मान डोलावली. जाता जाता त्याला आठवलं, "अन् आठवी झाल्यावर?"

"नववीपासून पूर्ण फी. नाही जमलं तर घाबरू नका, जिल्हा परिषदेच्या शाळेत नववी आहे. बसायची सोय आम्हीच करून ठेवलीये."