विकास योजना पाहण्याचे प्राथमिक शिक्षण

लागणारे साहित्य: एक भिंग, स्वतःचा सातबारा, चार-पाच मोकळ्या दुपारी आणि आवक-जावक विभागातल्या बाबूंशी बरे संबंध. शेवटचे नसेल तर आधीचे तिन्ही वाया जातात.

सर्वप्रथम, नगरपालिका लपवाछपवी करते हा गैरसमज काढून टाकावा. ती सगळे प्रसिद्ध करते. प्रारूप विकास योजना, म्हणजे पुढची वीस वर्षे गावात कुठे घरे, कुठे बाजार आणि कुठे बाग असेल याचा नकाशा, तयार झाली की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. ती शोधायची सवय हवी. ‘माझ्या नावात बदल केला आहे’ आणि ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास’ यांच्या मधोमध, मुंगीएवढ्या अक्षरांत ती असते. तिथून घड्याळ सुरू होते. हरकती व सूचना देण्यासाठी 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने 30 दिवस दिले आहेत. त्यातले पहिले दहा दिवस गावाला बातमी लागण्यात आणि पुढचे दहा ‘आपल्या गल्लीतून रस्ता जातोय म्हणे’ या चर्चेत जातात. उरलेल्या दहांतले शनिवार-रविवार वजा करा.

आता नकाशा. तो कार्यालयीन वेळेत पाहता येतो. जेवणाची सुट्टी, साहेब जिल्ह्याला गेले आणि नकाशाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर, हे सोडून उरणाऱ्या वेळेला कार्यालयीन वेळ म्हणतात. नकाशा उलगडला की नवशिका आधी आपले घर शोधतो. तसे करू नये. आधी रंग पाहावेत. पिवळा म्हणजे रहिवास, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा. जुना मंजूर नकाशा शेजारी ठेवून काल हिरवे असलेले आज पिवळे कुठे झाले ते बघा. त्या तुकड्यांचे गट नंबर टिपून घ्या. मालकांची नावे सातबाऱ्यावर मिळतील. ती वाचून आश्चर्याचा उद्गार काढू नये, समोरच बाबू बसलेले असतात.

‘बाग’ असे लिहिलेले आरक्षण दिसले म्हणून नातवंडांना झोपाळ्याचे वचन देऊ नका. योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर जमीनमालक कलम 127 खाली नोटीस देतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाचे पाऊल उचलले नाही की आरक्षण रद्द. नोटीस आली त्या काळात पालिकेत पैसा का नव्हता, याचे उत्तर नेहमी एकच असते, आणि तेही खरे असते: पैसा कधीच नव्हता.

पर्यावरणाचा धडा थोडा सविस्तर घ्यावा लागेल, कारण इथे रेषा येतात. नदीकाठच्या गावांत पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. निळी, सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. लाल, 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित. चिपळूणला याचे प्रात्यक्षिक पाहावे. वाशिष्ठीने 26 जुलै 2005 ला बाजारपेठ बुडवली आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा. मध्ये सोळा वर्षे. शंभर वर्षांचा हिशेब नदीला कोणी सांगितला नव्हता. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने दोन्ही पुरांत ग्रंथ गमावले. नंतर शहराचा मोठा भाग रेषांच्या आत आला, तेव्हा लोकांनी विचारले: आधी नदीतला गाळ काढा ना. प्रश्न रास्तच होता, कारण या नदीत डोंगरातल्या पावसाबरोबर कोयनेच्या वीजघरांतून सोडलेले पाणीही येते आणि तिचे पात्र मात्र उथळ होत गेले आहे. तरीही नवशिक्याने एक लक्षात ठेवावे: गाळ काढला तरी पूरमैदान पूरमैदानच राहते. रेषा पुसायला सगळे येतात, गाळ बघायला पावसाळ्यानंतर कोणी फिरकत नाही.

(पालिकेच्या भिंतीवर भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वे रंगवलेली असतील. हे 2020 पासूनचे ‘माझी वसुंधरा अभियान’. भिंतीचा फोटो काढावा. पुढच्या रस्तारुंदीकरणात ती पडण्याची शक्यता असते.)

हरकत लिहिताना भावनेला आवर घाला. ‘आमच्या बालपणीची आमराई’ असे लिहिले की ती फाईल कोणी पुढे सरकवत नाही. गट नंबर, रस्त्याची रुंदी, विहिरीचे ठिकाण, आक्षेप, मागणी एवढेच लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नाही म्हणजे हरकत नाही.

सुनावणीला नियोजन समिती असते: पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, ज्यांना नियोजनाचे किंवा पर्यावरणाचे ज्ञान असणे अपेक्षित आहे. सगळ्या गावाच्या हरकती तिथे बोलायच्या, त्यामुळे तुमच्या वाट्याला घोटभर चहा संपेल एवढा वेळ येतो. गट नंबर आधी बोला, रडणे नंतर.

आणि सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका वाचताना शेवटची ओळ बघायला विसरू नका: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आधीचे वीस विषय गटारे, दिवे आणि पाणीपट्टीचे असतात. डोंगर खोदून ले-आउट करायचा असेल तर तो त्या एका ओळीत बसतो. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, त्यांची नावे इतिवृत्तात छापलेली मिळतात.

शेवटी शासन योजना मंजूर करते, बहुधा काही भाग वगळून. त्या वगळलेल्या भागासाठी पुन्हा सूचना निघते, पुन्हा हरकती. नंतर कलम 37 खाली छोटे फेरबदल, त्यांनाही हरकती. म्हणून पहिल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. गट नंबर तोच राहतो, तारीख तेवढी बदलावी लागते.