दार अडवून बसलेल्या लिनक्सपंडितास



गेल्या महिन्यात लिनक्सप्रेमींच्या बैठकीत तुम्ही माझ्या अक्काला सगळ्यांदेखत म्हणालात, "मॅन्युअल वाचायचं नसेल तर विंडोजच वापरा." दोघा-चौघांनी टाळ्याही दिल्या. अक्का पिशवी उचलून निघून गेली. अपमान चारचौघांत झाला, म्हणून पत्रही चारचौघांत.

अक्का शिवणकाम करते. मापं, बिलं, हिशेब सगळं दहा वर्षं जुन्या संगणकावर. 14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ला द्यायची नेहमीची मदत थांबवली आणि विंडोज 11 काही तिच्या संगणकावर बसेना. धडधाकट यंत्र भंगारात कशाला, म्हणून मी लिनक्स मिंट टाकून दिलं. दोन दिवसांत ती रुळली. अडलं ते प्रिंटरपाशी. एक पॅकेज बसवायचं होतं, टर्मिनलमध्ये जेमतेम एक ओळ. ती तुम्हाला तोंडपाठ होती. तुम्ही सांगितली नाहीत.

सामान्यांच्या मागे लागलं की लिनक्स बिघडतं, असं तुम्ही दर बैठकीत सांगता. आणि कंपन्या लिनक्ससाठी धड ड्रायव्हर देत नाहीत, ही तक्रारही तुमचीच. अहो, गिऱ्हाईक मूठभर असेल तर कंपनी कशाला खर्च करील? आणि गिऱ्हाईक मूठभर का, याचं एक कारण त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या घेत होतं.

2004मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबंटू हे लिनक्स आणलं, तेव्हा दोषांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नोंदवलं होतं ते बाजारातलं मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व. मागेल त्याच्या घरी उबंटूची सीडी फुकट यायची, अगदी 2011पर्यंत. तुमची पहिली सीडी त्यातलीच, हे तुम्हीच सांगितलं होतंत. ती पाठवणाऱ्याने तुम्हाला आधी परीक्षेला बसवलं नव्हतं.

केरळच्या सरकारी शाळांतली पोरं उबंटूवर बेतलेल्या प्रणालीवर शिकतात. तिथे आधी शिक्षकांना शिकवलं गेलं. आपल्याकडे रेड हॅट कंपनीने लोहित देवनागरी हा फाँट मुक्त परवान्याखाली दिला, स्वयंसेवकांनी नोकऱ्या सांभाळून मेन्यू मराठीत आणले. कुणासाठी? तुमचा संगणक तर इंग्रजीतच चालतो. ती सगळी खटपट अक्कासाठीच होती.

बिनपगारी राबणाऱ्यांवर मागण्यांचं ओझं पडतं, हे मला मान्य आहे. हक्काने खेकसणारे लोक मीही पाहिलेत, त्यांना नाही म्हणावं. पण अक्का खेकसायला आली नव्हती. पडद्यावर आलेली एरर तिने वहीत अक्षरन् अक्षर उतरवून आणली होती, इंग्रजी नीट येत नसताना. ती वही तुम्ही उघडूनही पाहिली नाहीत.

आता तिने पुन्हा विंडोज 10 बसवून घेतलंय, सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं. त्यावर गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत, बँकेचे व्यवहार आहेत. मला रोज धास्ती वाटते.

येत्या रविवारी दुपारी मी तिच्या दुकानात आहे. या. वही तिथेच मशीनच्या खणात आहे. त्या एररखाली ती एक ओळ तुमच्या हाताने लिहा, आणि ती काय करते ते शेजारी मराठीत.

– अक्काचा धाकटा भाऊ