चूकभूल द्यावी घ्यावी, प्रेम झालं

कोरियन पॉपमधलं प्रेमगीत ऐकताना एकदा स्वतःला विचारा, ही आळवणी चालली आहे ती नेमकी कोणाची? जिच्यापायी झोप उडाली तिला नाव नाही, गाव नाही, गालावर साधा तीळही नाही. बाप तापट आहे की भाऊ आडवा येतो, पत्ता लागत नाही. समोरची खुर्ची रिकामी. तुम्ही म्हणाल, प्रेमगीत सगळीकडे असंच असतं. असेल. पण इतरत्र त्या खुर्चीवर ऐकणारा फुकट जाऊन बसतो. सोलमध्ये तिचं तिकीट फाडावं लागतं.

आधी माल कसा तयार होतो ते पाहू. गर्ल्स जनरेशनचं २००९ मधलं 'जिनी' हे गाणं नॉर्वेच्या डीसाइन म्युझिक या चमूनं बांधलेलं. ही आता नेहमीची रीत आहे. चाल परदेशातून येते, सोबत कामचलाऊ इंग्रजी शब्द. मग तीच चाल एकाच वेळी अनेक कोरियन गीतकारांकडे धाडली जाते आणि ज्याचे शब्द चपखल बसतात त्याचं गाणं पक्कं होतं. थोडक्यात, विरहाचं टेंडर निघतं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. चालीवर शब्द बसवून आपल्या सिनेमानंही पिढ्यान् पिढ्या रडवलं आहे. माल अव्वल आहे. भानगड आहे ती विक्रीत.

आल्बम घेतला की आत एक फोटोकार्ड निघतं. कोणाचं निघेल ते नशिबावर, म्हणून एकाच्या जागी पाच आल्बम घेतले जातात. आपल्याकडच्या मुलीही ओळखीपाळखीत मिळून एकत्र ऑर्डर टाकतात आणि सीमाशुल्क आपसात वाटून घेतात. कार्डाला आधी प्लास्टिकचं कव्हर, त्यावर चिकटवलेले मोती आणि रिबिनी. कॅफेत केक आला की कार्ड कपाला टेकवून उभं करायचं, फोटो काढायचा, मग चमचा हातात घ्यायचा. नैवेद्य दाखवल्याशिवाय घास नाही.

पुढची पायरी सही-समारंभ. तिथलं आमंत्रण सोडतीत लागतं, आणि जितके आल्बम तितक्या चिठ्ठ्या. नंबर लागलाच तर टेबलापलीकडे साक्षात तो. तुम्ही आल्बमच्या पानावर चिठ्ठी डकवून प्रश्न नेलेला असतो, खाली पर्याय दिलेले. तो खूण करतो, हसतो, तुमच्या बोटांत बोटं गुंफतो. एवढ्यात मागे उभा असलेला माणूस पुढे सरकायला सांगतो. शेजारच्या खुर्चीवर गटातला दुसरा बसलेला असतोच, तीच बोटं त्याच्याही बोटांत.

तेवढ्यानं भागलं नाही तर 'बबल' नावाचं अ‍ॅप आहे. महिन्याची वर्गणी भरा, तुमचा लाडका तुम्हाला रोज 'जेवलीस का' विचारेल, तेही नावानं. तो लिहितो एकच निरोप, नावाची रिकामी जागा अ‍ॅप ज्याच्या-त्याच्या फोनवर भरून टाकतं. उत्तरही देता येतं, मात्र मोजक्या अक्षरांत. वर्गणी जुनी होईल तशी अक्षरमर्यादा वाढते. वर्गणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नातं मुरतं ते असं!

आता या चोख हिशेबात एखादीनं खरंच प्रेम केलं तर? एस्पा गटातल्या कारिनानं ते केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'डिस्पॅच' या कोरियन बातम्यांच्या संकेतस्थळानं तिचं आणि अभिनेता ली जे-वूकचं नातं चव्हाट्यावर आणलं. सोलमध्ये तिच्या कंपनीच्या दारात पडदा लावलेला ट्रक येऊन उभा राहिला. पडद्यावरचा सवाल असा, की चाहत्यांचं प्रेम तुला पुरलं नाही का? पुढे इशारा, की माफी माग, नाहीतर आल्बमचा खप पडेल आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. मार्चमध्ये तिनं स्वहस्ते लिहिलेला माफीनामा इन्स्टाग्रामवर टाकला. महिनाभरात नातंही संपलं.

एक्सोच्या चेननं जानेवारी २०२० मध्ये लग्नाची बातमी अशीच हातानं लिहून दिली, तर त्याला गटातून काढा म्हणून चाहते रस्त्यावर उतरले. राइझच्या सुंगहानची तर पदार्पणापूर्वीची खासगी छायाचित्रं फुटली. जवळपास वर्षभर बाहेर बसवल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये तो परत येतोय असं जाहीर होताच कंपनीच्या इमारतीभोवती शेकडो पुष्पचक्रं लागली. सत्काराची नव्हेत, मयताची. दोन दिवसांत तो गटाबाहेर.

एकूण काय, ज्या धंद्यात प्रेमाचे शब्द दुसरा कोणी लिहितो, चाल तिसरा बांधतो आणि निरोपातलं नाव अ‍ॅप भरतं, तिथे कलाकारानं स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर बाहेर येतो तो प्रेम केल्याची दिलगिरी म्हणून.

इथे आपल्याकडचे काका लोक सुस्कारा टाकून म्हणतात, 'पोरी वेड्या झाल्यात.' काका, चुकताय. त्या ट्रकवरची भाषा पुन्हा वाचा. खप, खुर्च्या, इशारा. ही वेड्याची भाषा नव्हे, फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाची आहे. 'हा तुझाच' अशी हमी देऊन माल गळ्यात मारला, पैसे मोजून घेतले, आणि आता म्हणता कलाकाराच्या खासगी आयुष्याचा आदर करा? पावती आहे त्यांच्याकडे. त्यांचं चुकतं ते एवढंच, की वसुलीला दुकानदाराकडे जायचं सोडून त्या मालाच्याच मानगुटीवर बसतात.

दुकानदार मात्र मोठा रसिक. ट्वाइस या नऊ मुलींच्या गटानं ऑक्टोबर २०१५ मध्ये पदार्पण केलं. त्यांच्या कंपनीची तीन वर्षांची प्रेमबंदी जगजाहीर आहे. एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे बंदी चालू असतानाच, त्यांचं 'व्हॉट इज लव्ह?' आलं. प्रेम कसं असतं हे फक्त पुस्तकांत नि सिनेमांत पाहिलेल्या, ते एकदा तरी भेटावं म्हणून आसुसलेल्या मुलींचं हे गाणं. शब्द आणि चाल पार्क जिन-यंग यांची. तेच कंपनीचे संस्थापक. ज्यानं माठावर झाकण ठेवलं, त्यानंच तहानेवर कविता करून पोरींना गायला लावली! गाणं गाजलं हे सांगायला नकोच.

बरं, कंपन्यांना खरंच प्रेमाचं वावडं आहे का? ह्युना आणि डॉन या दोन गायकांचं प्रकरण पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्या नात्याची बातमी फुटली तेव्हा क्यूब या त्यांच्या कंपनीनं साफ इन्कार केला. दुसऱ्याच दिवशी दोघांनी सांगून टाकलं, की २०१६ पासून आमचं जमलं आहे. सप्टेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं, विश्वास उडाला, दोघांना काढत आहोत. त्याच दिवशी कंपनीचा शेअर घसरला. गुन्हा प्रेमाचा नव्हताच. दुकानाला खोटं पाडण्याचा होता.

उलट उदाहरणही आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी गायिका आययू आणि अभिनेता ली जोंग-सुक यांची बातमी आली. तिनं चाहत्यांना चार शब्द लिहिले, बहुतेकांनी अभिनंदन केलं, आभाळ कोसळलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये दोन रात्री मिळून लाखभर लोक तिला ऐकायला आले. तिथे स्वतःचा कार्यक्रम करणारी ती पहिली कोरियन गायिका. २०१० मध्ये 'गुड डे'नं ती घराघरात पोचली तेव्हा शब्द किम ईनाचे होते. पुढे ती स्वतः लिहू लागली. थकवा, वय, एकटेपण, सगळं तिचंच. तिचे ऐकणारे तिच्याकडे तिचं म्हणणं ऐकायला येतात. तिथे कोणी कोणाला 'तुझीच' म्हणून विकलेलं नाही, त्यामुळे परत मागण्यासारखंही काही नाही.

म्हणून घरातल्या पोरीच्या फोटोकार्डांना हसू नका. तिला एवढंच सांगा, की पुढच्या वेळी ट्रक पाठवायचाच झाला तर पत्ता नीट लिही. एकाच वेळी लाखो जणांना 'फक्त तुझीच' म्हणून वर्गणी गोळा करणारी कंपनी पतिव्रता, आणि एका मुलावर जीव जडलेली मुलगी तेवढी बेइमान, हा न्याय कुठला?