नेमका कोणता भाग म्हातारा?

आमच्या घरात एखादी वस्तू म्हातारी झाली हे तिच्या वयावरून ठरत नाही, तिच्यावर काय ठेवलं जातं त्यावरून ठरतं. शिलाई मशीनवर फुलदाणी आली त्या दिवशी ते निवृत्त झालं. २०१२ साली घेतलेल्या लॅपटॉपवर आधी विजेची बिलं आली, मग इस्त्रीचे कपडे आणि दिवाळीत चकलीचा डबा. त्यानंतर त्याची बाजू घेणारं घरात कुणी उरलं नाही.

तसा तो बंद पडलेला नव्हता. फक्त बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत माणसाने आंघोळ, देवपूजा आणि शब्दकोड्यातले आडवे शब्द उरकून घ्यावेत, एवढीच त्याची अपेक्षा असे. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. पत्रिकाच जुळेना. मुलाने निकाल दिला, "बाबा, देऊन टाका भंगारात. म्हातारा झालाय तो."

मला एवढंच विचारायचं होतं, की नेमका कोणता भाग?

लॅपटॉप म्हणजे एक सरकारी कचेरी समजा. प्रोसेसर हे साहेब, रॅम हे साहेबांचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे तळघरातली रेकॉर्ड रूम, शिपायासकट. साहेब सेकंदाला अब्जावधी हिशेब उरकतात, पण फाईलच आली नाही तर सही कशावर करणार? आमची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला भरधाव वाटतं. पण हवी ती नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळापर्यंत सरकायला आणखी वेळ लागतो, तो वेगळाच. विखुरलेल्या फाइली मागितल्या, तर शिपाई सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर आणणार. त्यात टेबल चारच जीबीचं. नवी फाईल ठेवायची तर आधीची खाली पाठवायची, आणि पाठवली की नेमकी तीच हवी असायची. साहेब बिचारे पेन हातात धरून बसलेले, आणि बाहेर बोभाटा काय, तर साहेबांच्याने आता काम होत नाही.

फिरत्या तबकड्यांवर माहिती ठेवण्याची ही युक्ती आयबीएमने आणली १९५६ साली. पहिल्या यंत्रात पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि जागा पन्नास लाख अक्षरांपुरती. महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायला तेव्हा चार वर्षं होती. म्हातारं कुणाला म्हणायचंच असेल, तर या युक्तीला म्हणा.

लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने मॉडेलचा नंबर ऐकला आणि आधी लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे सारख्याच सहानुभूतीने पाहिलं. "अंकल, इसमें पैसा मत डालो. नया ले लो." मी म्हटलं, "पहिले एसएसडी दिखाओ." त्याने समोर सरकवलेली अडीच इंची एसएसडी हातात घेतली, तर खोकं रिकामं आहे की काय अशी शंका यावी इतकी हलकी. तिच्यात फिरणारं काही नाही, सरकणारं काही नाही. म्हणजे शिपायाची जागाच रद्द. डीडीआर थ्री जातीची आठ जीबी रॅम काढायला मात्र पोऱ्याला माळ्यावर चढावं लागलं. दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्शात काम झालं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याला पालथा घातला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून काढू तसे मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांमध्ये ठेवले. जिऱ्यात एक जरी सापडला तर याद राखा, या अटीवर डबा मिळाला होता. दोन स्क्रू रबरी पायांच्या खाली दडून बसले होते. आत पंख्याच्या तोंडाशी धूळ इतकी दाबून बसलेली, की चिमट्याने ओढल्यावर तो थर अखंड निघाला. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूची भुकटी झालेली. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅम खाच जुळवून तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या खिट्या 'टक्' म्हणाल्या की समजायचं, बसली. झाकण लावल्यावर एकही स्क्रू उरला नाही. यावर घरात कुणाचाच विश्वास बसेना. मुलगा टेबलाखाली वाकून पाहून आला.

मग सिस्टीम. जुने फोटो आणि कागदपत्रं आधीच काढून ठेवली होती. लिनक्स मिंट घेतली, तीही हलकी, एक्सएफसीईवाली. ती पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघता येते. वायफाय सापडतो का, आवाज येतो का, याची खात्री पटली की मगच कायमची बसवायची. ही मंडळी २००६ सालच्या 'आडा'पासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात. माझ्या वाट्याला आलेल्या २२.२ चं नाव झारा.

"कुठवर आलं?" बायकोने आतून विचारलं.

"झारा टाकतोय."

"माझा झारा कशाला लागला तुम्हाला?" म्हणत ती तरातरा बाहेर आली.

या झाराला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. माझ्या विम्याची मुदत त्याआधी संपते.

आता बटण दाबून चष्मा शोधेपर्यंत लॅपटॉप हजर असतो. साहेब तेच, स्क्रीन तीच, कीबोर्डवरची पुसट अक्षरंही तीच. बॅटरी मात्र खरोखरच थकली आहे. अर्ध्या तासात मान टाकते, म्हणून वायर कायम लावलेली. त्याचं वाईट वाटत नाही. निदान कोण थकलंय ते नावानिशी ठाऊक आहे.

संगणक घडवणाऱ्या जीन अ‍ॅमडाल यांच्या नावाने एक नियम आहे, १९६७ सालचा. एक भाग कितीही वेगवान केलात, तरी एकूण काम अडतं ते ज्या भागाला तुम्ही हात लावलेला नाही त्याच्यापाशी. डिस्क बदलली तेव्हा इंटरनेट संथ वाटू लागलं. ते बदललं तर पासवर्ड आठवत बसलेला मी उरतो. पण हाच नियम उलटा वाचला तर दिलासा देणारा आहे. सगळंच मंदावलंय असं वाटतं, तेव्हा मंद भाग एखादाच असू शकतो.

आमच्या मजल्यावरचे अप्पा ऐंशीच्या पुढचे. "त्यांना आता काही कळत नाही हो," असं त्यांची सून त्यांच्यासमोरच सांगायची. विचारावं एक आणि उत्तर यावं दुसरंच, हे खरं होतं. मग नातीने हट्टाने कानाचं मशीन आणलं. तेव्हा लक्षात आलं, की कळायला काहीच झालेलं नव्हतं, फाईलच टेबलावर पोचत नव्हती. हल्ली अप्पा सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसतात, वाचून दाखवलेल्या हिशेबाची बेरीज तोंडी करतात आणि फरक पडला की हात वर करतात. सगळ्यांना फार बरं वाटलं. खजिनदारांनी मात्र परवा मला जिन्यात गाठून विचारलं, ते मशीन चार्जिंगला लावायची वेळ नेमकी सभेचीच ठेवता येईल का.