पाटीवर दादा, तोंडात माणिकराव

"अगं, पोराच्या मनगटाला पट्टी कसली?"

"विचारूच नका काकू. गल्लीत क्रिकेट! झेल घ्यायला उडी मारली नि ओट्यावर आपटला. म्हणे मोठं होऊन स्टेडियमवर खेळायचंय."

"खेळू दे की. आपल्या सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर 2019 साली शेफाली वर्मा पंधराव्या वर्षी भारताकडून पहिली मॅच खेळली. शून्यावर गेली हो, पण पुढे बघ!"

"काकू, नाव खेळाडूचंच होतं. शिकवतो कोच, पण स्टेडियमला त्याचं नाव कधी दिसत नाही."

"कसं दिसेल? वानखेडे मंत्री होते, ब्रेबॉर्न गव्हर्नर. आचरेकर सरांनी सचिन घडवला, तरी शिवाजी पार्कात त्यांचं स्मारक झालं 2024 साली, ते गेल्यावर जवळपास सहा वर्षांनी. आमच्या बडोद्यात मात्र—"

"आलं माहेर!"

"येणारच. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. जुम्मादादा म्हणजे मुसलमान उस्ताद. कुस्ती, मल्लखांब, लाठी सगळं शिकवायचे. आखाडा पुढे त्यांच्या शिष्याने, प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणला. सयाजीराव महाराजांनी त्यांना 'राजरत्न' केलं. हाड बसवण्यात त्यांचा हातखंडा. शंभर पोरांकडून एका तालात कवायत करून घ्यायचे, तीही आपल्या भाषेतल्या हुकमांवर. इंग्रजी 'अटेन्शन' नको. एवढा नावाजलेला माणूस, पण पाटीवर नाव ठेवलं गुरूचं."

"आणि लोक?"

"लोक म्हणतात माणिकरावांचा आखाडा! रिक्षात बसून 'जुम्मादादा' म्हणालीस, तर रिक्षावाला तुलाच पत्ता विचारेल."

"म्हणजे पाटी लावून काय फायदा झाला?"

"फायद्यासाठी नव्हतीच लावली ती. लहानपणी बाबांबरोबर त्या आखाड्यात जायची मी. मल्लखांबाला एरंडेल चोळलेलं असायचं. पोरं पायाच्या अंगठ्यांनी तो पकडून सरसर वर चढायची, वर गेल्यावर हात सोडून उलटी लटकायची, अन् खाली उभा मास्तर एका पोराच्या टाचेकडे बोट दाखवून ओरडायचा, 'ताण!' बस, तेवढंच. दुसरा शब्द नाही. आताचे कोच तासभर भाषण देतात."

"आता कुणाला माहिती हे?"

"अगं, लोणावळ्याचं कैवल्यधाम ऐकलंयस ना? 1924 साली ते काढणारे कुवलयानंद याच माणिकरावांचे शिष्य, 1907 ते 1910. योगाला प्रयोगशाळेत नेलं त्यांनी, पण अंग कमावलं आमच्या तालमीत. आणि तुमच्या सुरतेचाही एक आहे त्यात."

"कोण?"

"अंबुभाई पुराणी. जन्म इथलाच. तेही माणिकरावांकडे शिकले, आणि पुढे भाऊ छोटुभाईंबरोबर गुजरातभर आखाडे काढले. इंग्रजांशी लढायला पोरं तयार करायची होती. शेवटी स्वतः गेले पाँडिचेरीला, अरविंदांच्या आश्रमात राहायला."

"लढायचं सोडून ध्यानाला बसले?"

"अरविंदांनी तरी काय केलं? बाँबच्या खटल्यातून सुटले नि पुढच्याच वर्षी पाँडिचेरी गाठली. त्याआधी तेरा वर्षं बडोद्यात नोकरीला होते ते."

"म्हणजे सुरतेच्या माणसाने बडोद्याचा माणूस पाँडिचेरीत जाऊन गाठला! फिरून फिरून तुमचं बडोदंच. काकू, ही टिमकी काही थांबायची नाही."

"का थांबावी? तुझं अमळनेर निघालं की मी ऐकतेच ना, साने गुरुजींपासून वांग्याच्या भरतापर्यंत! जा आता, तुझी कळण्याची भाकरी करपतेय, वास इकडे आला."