विषय: यात्रेच्या दिवसांत दाजींना सटाणा दाखवण्याबाबत

संदर्भ: ताईचा फोन, रात्री, जेवताना.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मार्गशीर्ष वद्य एकादशीपासून सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरत असून, सदर काळात पुण्याहून दाजी सहकुटुंब येत आहेत. "तिथं बघण्यासारखं, खाण्यासारखं काय काय आहे, त्याची यादी पाठव. वेळेसकट," असा त्यांचा निरोप आहे. दाजी एका कंपनीत ऑडिटला आहेत. ते मजासुद्धा टिकमार्क करून घेतात. तेव्हा लेखी मार्गदर्शन करणे प्राप्त आहे. तसेही, ज्या गावाचा देवच मामलेदार होता, त्या गावाने पाहुण्यांशी तोंडी कारभार करणे बरे दिसत नाही.

कलम 1. दर्शन.

आरम नदीकाठच्या मंदिरात पहाटे जावे. उशीर केल्यास रांग लागते आणि रांगेत दाजी प्रश्न विचारतात. एकादशीच्या महापूजेचा मान तहसीलदारांकडे असतो. एक सरकारी अधिकारी दुसऱ्या सरकारी अधिकाऱ्याची पूजा करतो आणि बाहेर लोक दोघांनाही हात जोडतात. एरवी तहसील कचेरीत हात जोडावे लागतात ते वेगळ्या कारणाने.

पाहुण्यांना इतिहास थोडक्यात सांगावा. यशवंतराव महादेव भोसेकर, जन्म 1815, तोही पुण्यातच. बागलाणचे, म्हणजे आपल्याच तालुक्याचे, मामलेदार असताना 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. रक्कम 1 लाख 27 हजार रुपये सांगतात. पुढे वरिष्ठ चौकशीला आले, तर खजिना होता तसा भरलेला, अशी आख्यायिका आहे. 1887 साली नाशिकला ते वारले.

या ठिकाणी दाजी हमखास विचारतात, "पण व्हाउचर होती का?" यावर उत्तर देऊ नये. आपल्या आईने एकदा दिले होते: "जावईबापू, भुकेल्याची सही कुठं घेता?" त्यानंतर दाजींनी दोन वेळा प्रसाद मागून घेतला. माणूस वाईट नाही.

कलम 2. उपवास.

यात्रा एकादशीला सुरू होते, म्हणजे खाण्याच्या सोहळ्याचे उद्घाटनच उपवासाने होते. हा सटाण्याचा मुळातला घोटाळा आहे आणि तो कोणी दुरुस्त केलेला नाही. पहिल्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, साबुदाण्याची खिचडी एवढेच अनुज्ञेय. जिलेबी मैद्याची असल्याने उपवासाला चालत नाही. तथापि ती कागदात बांधून घरी आणण्यास हरकत नाही, आणि बांधताना एक तुकडा मोडलाच तर तो वाया घालवू नये. तसेच मार्गशीर्ष असल्याने काळ्या मसाल्याच्या रश्श्याची चौकशी दाजींनी आईसमोर करू नये. ती अमावास्येनंतर माझ्याकडे, अंगणात, हळू आवाजात करावी.

कलम 3. रथ.

महाराजांचा रथ येईल तेव्हा फोन खाली ठेवावा. रथ मोठा आहे, दिसतो.

कलम 4. यात्रेतले खाणे.

भेळभत्ता कागदावरच घ्यावा, प्लेट मागू नये. मुरमुरे, शेव, फरसाण, वर बारीक चिरलेला कांदा आणि बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची. मिरची घासाघासाला दातांनी तोडायची, भेळीत कुस्करायची नाही. कुस्करल्यास कोणता घास तिखट लागणार हे कळत नाही आणि नाकातून पाणी येते. दाजींना दरवर्षी येते. ते "थंडी बाधली" म्हणतात.

गोडीशेव ताजी कशी ओळखावी? बोटात धरून मोडावी. कटकन मोडली तर घ्यावी, वाकली तर पुढच्या दुकानात जावे. पुढचे दुकानदारही ओळखीचेच निघतात, आणि येथे सटाण्यातली खरी अडचण सुरू होते. पन्नास पावले चालायला अर्धा तास लागतो. शाळेतला मित्र, मित्राचा साडू, साडूचा शेतशेजारी, प्रत्येकजण थांबून "काय पाव्हनं, कव्हय उनात?" (कधी आलात?) विचारतो. हा प्रश्न माहितीसाठी नसतो. त्याचे उत्तर "काल आलो, परवा जाणार, मुलगी आठवीत आहे" असे मुद्देसूद देऊ नये. हसावे आणि चहाला नाही म्हणू नये. तीन चहांनंतर पाळण्यात बसू नये, हे पोटनियम (अ) म्हणून नोंदवावे.

कलम 5. भरीत.

या कलमात कोणतीही सवलत मिळणार नाही.

चातुर्मासात वांगे बंद असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते सुटते, आणि लगेच तीन आठवड्यांच्या आत यात्रा येते. त्यात थंडी. म्हणजे वांग्याने स्वतः निवडला असता तरी याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. दाजींनी पुण्याच्या एका हॉटेलात तीनशे रुपयांचे "खान्देशी भरीत" खाल्ले असून त्यात टोमॅटो होता, असे ताईने सांगितले. त्या हॉटेलबद्दल अधिक लिहिणे नको. पण टोमॅटो!

वांगे मोठे, हिरवे, पण हातात हलके लागणारे घ्यावे. जड वांग्यात बिया असतात. गॅसवर भाजू नये, तुराट्यांच्या जाळावर भाजावे, कारण वांग्याला धूर लागला पाहिजे. त्याच निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या. साल काढताना पाण्याखाली धरू नये, बोटे पोळली तरी चालतील. मग लसूण-मिरची ठेचून, गर घोटून, वर तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत बाजरीची भाकर, तव्यावरून थेट ताटात. दाजी भाकरीचे चार तुकडे करून एकेक मोजून खातात. त्यांच्या ताटात पाचवा तुकडा नजर चुकवून टाकावा. ते हिशेब चुकला असे समजून तोही खातात.

कलम 6. उद्याने.

"गार्डन कुठलं चांगलं?" असे यादीत विचारले आहे. आमच्याकडे उद्यानात जायचे तर मळ्यात जातात. मात्र ही बाग फिरण्यासाठी नसून कर्ज फेडण्यासाठी असते, म्हणून काही शिस्त पाळावी.

डाळिंबाच्या एका बागेतून थेट दुसऱ्या बागेत जाऊ नये. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. ओल्या पानांतून, अवजारांतून, कपड्यांतून तो या झाडावरून त्या झाडावर जातो. या तेल्याने बागलाणात चांगल्या उभ्या बागा लोकांना मुळासकट काढायला लावल्या. तेव्हा कोणी बांधावरच थांबवले तर राग मानू नये.

द्राक्षाच्या बागेत याहून जपावे. देशात इतरत्र द्राक्षे यायच्या आत, डिसेंबर-जानेवारीतच बागलाणची अर्ली द्राक्षे निघतात आणि परदेशी जातात. त्यासाठी छाटणी भर पावसाळ्यात घ्यावी लागते. म्हणजे सगळे जग पाऊस मागत असताना हा शेतकरी दुपारी आभाळ बघून शिव्या देतो आणि रात्री औषध फवारतो. मण्यावर जी पांढुरकी झाक असते ती धूळ नसते. बोट लावले की ती पुसली जाते आणि घड निर्यातीतून बाद होतो. गेल्या खेपेला दाजींनी मुलीला दाखवायला एक घड प्रेमाने कुरवाळला होता. मळेवाला काही बोलला नाही, तोच घड तोडून पोरीच्या हातात दिला. आम्ही मात्र पुढे घरी येईपर्यंत गाडीत कोणाकडे पाहिले नाही.

कलम 7. कांदा.

बाजार समितीत लिलाव पाहायला न्यावे. प्रवेश मोफत. डिसेंबरात लाल कांदा येतो आणि ट्रॅक्टरची रांग लागते. व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीवर सरकतात, मूठभर कांदा उचलतात, आकडा पुकारतात, संपले. वर्षाचा निकाल मिनिटभराच्या आत लागतो. शेजारी उभ्या शेतकऱ्याला "परवडलं का?" असे विचारू नये. परवडले असते तर तो तिथे उन्हात उभा राहून तुमच्याशी बोलत बसला नसता. आणि पुण्यात कांदा महागला की ताईला फोन करून "तुमच्याकडं मजा आहे" असे म्हणणाऱ्यांनी या कलमाचे दोनदा वाचन करावे.

(गाडी गावाबाहेरच ठेवावी. विंचूर-प्रकाशा रस्ता भर गावातून जातो, आणि यात्रेत त्यावर ट्रॅक्टर, एसटी, उसाची गाडी आणि दाजींची गाडी एकमेकांना वाट देत नाहीत.)

कलम 8. साल्हेर.

1,567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. 1672 साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले ते याच्याच पायथ्याशी. 2025 साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे किल्ले गेले, त्यात हाही आहे. ही माहिती सटाण्यातला प्रत्येकजण छाती काढून सांगतो. वर गेलात का, असे विचारल्यास विषय बदलतो. दाजी मात्र दोनदा जाऊन आले आहेत, वाघांब्याच्या बाजूने, पहाटे निघून, आणि वरच्या परशुराम मंदिरापाशी उभे असलेला त्यांचा फोटो आमच्याच दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यामुळे या कलमातले मार्गदर्शन त्यांनीच आम्हाला करावे. चढ खडा आहे, पाणी भरपूर न्यावे, उन्हाच्या आत खिंड गाठावी, असे ते म्हणतात. बरोबरच असावे.

मांगीतुंगीला 108 फुटी ऋषभदेवांची मूर्ती आहे. गुडघे विचारात घेऊन ठरवावे.

कलम 9. कुस्त्या.

दंगलीत मोठ्या जोड्या शेवटी लागतात, पण दुपारपासूनच जागा धरून बसावे. आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या होतात. लंगोट सुटत असलेला एक पोरगा दुसऱ्याची तंगडी धरून रडत रडत जिंकतो आणि रेवड्या वाटत घरी जातो. दाजींना हाच भाग आवडतो. त्या वेळी ते घड्याळ पाहत नाहीत, पंचांच्या निर्णयावर ओरडतात, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकतात आणि हरलेल्या पोराला खिशातून दहाची नोट देतात. पावती मागत नाहीत.

मुक्काम किती असावा हे यादीत विचारलेले नाही, तरी कळविण्यात येते की यात्रा पंधरवडाभर चालते आणि वरची खोली झाडून ठेवली आहे.

प्रत माहितीस्तव:
1) ताई. तिने यातले कलम 2 दाजींना वाचू देऊ नये.
2) आई. तिच्याकडून या परिपत्रकात दुरुस्त्या आल्या असून, तिचे म्हणणे आहे की शेंगदाणे भरतात वरून घालायचे नसतात, गर घोटतानाच घालायचे असतात. सदर दुरुस्ती अमान्य.